कुलचे सात, निजाम दहा

भाषा ही माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी असते, असं शाळेच्या पुस्तकात सांगितलेलं असतं. हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने काचीगुडा स्टेशनाबाहेर उभं राहून ऑटोवाल्याला ‘चारमिनारचे किती घेणार?’ असं विचारलेलं दिसत नाही. या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक आकडा. पण हैदराबादेत आकडा एकटा घराबाहेर पडत नाही. आधी गॅसचा भाव येतो, मग अफझलगंजला खणून ठेवलेला रस्ता येतो, त्या रस्त्यात अडकलेला मेहुण्याचा ऑटो येतो, त्या मेहुण्याला मुलगी का दिली याचा पश्चात्ताप येतो, आणि ‘आप तो घर के आदमी हैं मियाँ’ या वाक्याचा हात धरून शेवटी तो आकडा येतो. तोपर्यंत गिऱ्हाईक मेहुण्याच्या संसारात इतकं गुंतलेलं असतं, की घासाघीस करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या अडचणीत हात धुऊन घेणं वाटतं. आता यात माहिती किती आणि गोष्ट किती, याचा हिशेब कुणीही करावा. माझं म्हणणं एवढंच की रोजच्या बोलण्यात गोष्ट हाच मुख्य व्यवहार असतो. माहिती तिच्याबरोबर आली तर येते. आणि याचं कारण आपण समजतो तसं माणसाचं वाचाळपण हे नाही. गोष्ट रचण्याचे कष्ट घेऊन माणूस समोरच्याची किंमत करत असतो. नुसती माहिती फेकून मोकळं होणं हा त्या मानाने उद्धटपणा आहे.

यात ऑटोवाल्याचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण तो ज्या शहरात राहतो त्या शहराचा इतिहासही आकडा आणि गोष्ट यांच्यात भांडण लागलं की गोष्टीची बाजू घेतो. आसफजाही घराण्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पहिला निजाम मीर कमरुद्दीन औरंगाबादच्या निजामुद्दीन नावाच्या सुफी संतांकडे गेला, त्यांनी पुढे कुलचे ठेवले, भुकेल्या कमरुद्दीनने सात खाल्ले, आणि संत म्हणाले की तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. घराण्याच्या पिवळ्या झेंड्यावर मधोमध जो गोल होता तो म्हणे हाच कुलचा. आणि खरोखरच १७२४ ते १९४८ या काळात सात आसफजाह होऊन गेले. अडचण अशी की गादीवर बसलेल्यांची मोजदाद केली तर ते दहा भरतात. पहिल्या आणि दुसऱ्या आसफजाहच्या मध्ये नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग असे तिघे राज्य करून गेले. ‘आसफजाह’ हा किताब त्यांना नव्हता, म्हणून ते मोजायचे नाहीत, असा खुलासा इतिहासकार करतात. खुलासा रास्त आहे, पण त्याची सोय कुणाला झाली ते उघड आहे. सलाबतजंग तर चांगली अकरा वर्षं गादीवर होता आणि १७६० साली उदगीरला सदाशिवरावभाऊंनी ज्या निजामाला नमवलं तो हाच. म्हणजे मराठ्यांनी जी मोठी लढाई जिंकली ती कुलच्यांच्या हिशेबात न बसणाऱ्या माणसाशी. दहा राज्यकर्त्यांसाठी सात कुलच्यांची गोष्ट बदलणं कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं. त्यापेक्षा तीन राज्यकर्ते वगळणं स्वस्त पडलं.

प्रेमकथेचाही तोच न्याय. कुतुबशाहीतला राजपुत्र मुहम्मद कुली मुसा नदीपलीकडच्या भागमतीवर भाळला, भरल्या पुरात घोडा घालून तिला भेटायला गेला, आणि घाबरलेल्या बापाने नदीवर पूल बांधून दिला, असं जुन्या पुलाबद्दल सांगतात. पूल १५७८ चा आहे आणि राजपुत्राचा जन्म १५६५ च्या सुमाराचा. म्हणजे पूल पुरा झाला तेव्हा हा प्रेमवीर तेरा-एक वर्षांचा होता, आणि बांधकामाला लागलेला काळ वजा केला तर प्रेमाचा आरंभ कोणत्या इयत्तेत झाला हे न बोललेलं बरं. हारून खान शेरवानींसारख्या जाणत्या इतिहासकाराने तर भागमती नावाची कुणी होती का, इथपासूनच शंका घेतली. शहराने ती शंका अदबीने ऐकून घेतली आणि भागमतीची गोष्ट पुढे चालू ठेवली. सातव्या निजामाने १९६५ साली देशाच्या संरक्षणासाठी पाच टन सोनं दान केलं, ही गोष्टही तशीच. माहितीच्या अधिकारात विचारल्यावर उत्तर आलं ते ४२५ किलोंचं, आणि तेही दान नव्हतं. साडेसहा टक्के व्याजाच्या सुवर्णरोख्यांत ती गुंतवणूक होती. पण लोकांनी पाच टनांच्या गोष्टीला एक शेपूट जोडलेलं आहे: सोनं पोचल्यावर निजामाने म्हणे निरोप पाठवला की दान सोन्याचं केलंय, पेट्यांचं नाही, तेव्हा लोखंडी पेट्या परत पाठवा. जगातला सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत चिक्कू, अशी एकाच माणसाची दोन रूपं या एका निरोपात मावतात. ४२५ किलो आणि साडेसहा टक्के या खऱ्या आकड्यांत ती मावली नसती.

असं होण्याचं मूळ हैदराबादच्या हवापाण्यात नाही, ते माणसाच्या डोक्यात आहे. फ्रित्झ हायडर आणि मारिअन सिमेल या दोघांनी १९४४ साली एक लहानशी फिल्म केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक वर्तुळ एवढेच इकडून तिकडे सरकतात. ३४ विद्यार्थिनींना ती दाखवून काय दिसलं ते लिहायला सांगितलं. भूमितीच्या भाषेत उत्तर देणारी एकच निघाली. बाकी बहुतेकींनी दांडगाई करणारा, घाबरलेली, तिला सोडवायला धावणारा, असं लिहिलं. त्रिकोणाला सुद्धा माणूस चारित्र्य चिकटवतो, तिथे मेहुण्याची काय कथा. ब्रिटनमध्ये रॉबिन डनबार यांनी लोकांची मोकळ्या वेळची बोलणी कान देऊन ऐकली आणि १९९७ मध्ये सांगितलं की बोलण्याचा सुमारे दोन तृतीयांश वेळ कोण कुणाशी कसं वागलं यावर जातो. यात पुरुष मागे नसतात, हेही त्यांनी नोंदवलं. ते वाचून फक्त पुरुषांना आश्चर्य वाटलं असावं. आणि अमेरिकेत विल्यम लबोव आणि जोशुआ वालेट्झ्की यांनी १९६७ साली साध्या माणसांनी सांगितलेल्या अनुभवांची चिरफाड केली. त्यांना दिसलं की अडाण्यातल्या अडाणी सांगणाऱ्याकडेही प्रस्तावना, पेच, उकल असा नीट बांधा असतो. लबोव यांचा महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. सांगणाऱ्याला एकाच प्रश्नाची भीती असते: गोष्ट संपल्यावर ऐकणारा ‘बरं, मग?’ असं म्हणेल ही. तो प्रश्न येऊ नये म्हणूनच तो घोडा थोडा उंच करतो, पाणी थोडं खोल करतो. घोडा उंच होतो तो ऐकणाऱ्याच्या धाकाने.

हा धाक म्हणजेच मी म्हणतो ती किंमत. उशिरा येणाऱ्या माणसाचं उदाहरण घ्या, कारण हैदराबादेत या उदाहरणाचा तुटवडा पडत नाही. एक जण तासभर उशिरा येऊन म्हणतो, ‘सॉरी, ट्रॅफिक.’ हे शंभर टक्के खरं आहे आणि शंभर टक्के निरुपयोगी आहे. पंजागुट्ट्याला ट्रॅफिक असतं हे ऐकणाऱ्याला माहीत होतं. त्याच ट्रॅफिकमधून तोही आलेला असतो आणि वेळेवर आलेला असतो. दुसरा तितकाच उशिरा येतो, आल्याबरोबर खुर्ची ओढतो, इराणी चहा मागवतो आणि म्हणतो, ‘क्या हुआ बोले तो…’ मग मेहदीपट्टणमला आडवी आलेली वरात, पुढे पाऊल टाकायला तयार नसलेला घोडा, त्याला चाल आवडावी म्हणून तेच गाणं तीनदा वाजवणारा बँड, आणि या गोंधळात स्कूटरच्या पायाशी उभी असलेली कुणाची तरी बकरी, जिने नवरदेवाचा सेहरा खायला सुरुवात केली. पहिल्याने कारण दिलं, दुसऱ्याने भरपाई दिली. गेलेला तास दोघांनाही परत करता येत नाही. पण दुसऱ्याने त्या तासाचं व्याज तरी आणलं. आणि या व्याजाचा दर ठरलेला असतो. दहा मिनिटांच्या उशिराला एक वाक्य पुरतं. अर्ध्या तासाला एक पोलीस लागतो. तासाला वरात आणि बकरी. जेवण संपल्यावर पोचणाऱ्याला किमान एक इस्पितळ आणि एक दूरचा चुलता उभा करावा लागतो. उशीर मोठा आणि गोष्ट छोटी असेल तरच हैदराबादी माणूस रागावतो. बकरी खरी होती का, याची चौकशी तो करत नाही.

नकाराचीही तीच तऱ्हा. शिंपी सणाच्या आदल्या दिवशी ‘शेरवानी झाली नाही’ असं म्हणाला तर ती माहिती झाली, आणि गिऱ्हाईक पुढच्या सणाला दुसरीकडे गेलं. म्हणून तो तसं म्हणत नाही. तो काजं करणाऱ्या पोऱ्याची गोष्ट सुरू करतो; पोऱ्या गावी, गाव नलगोंड्याच्या पुढे, तिथे भावाचं लग्न, लग्नात मानापमान, आणि शेरवानीला बटणं आहेत पण काजं नाहीत अशी तत्त्वज्ञानाला शोभेल अशी परिस्थिती. ज्यांनी नारदीय कीर्तन ऐकलेलं आहे त्यांना हा बांधा ओळखीचा वाटेल. काचीगुडा-सुलतानबाजारच्या जुन्या मराठी घरांना तर नक्कीच. आधी पूर्वरंगात सिद्धांत: आजकाल कामाला माणसं राहिली नाहीत. मग उत्तररंगात आख्यान: पोऱ्याच्या भावाचं लग्न. शेवटी परत सिद्धांतावर येऊन ‘कल आके लेलो, इन्शाअल्लाह’ ही आरती. गिऱ्हाईक तबकात काही न टाकता घरी जातं, पण रागावून जात नाही. शहरात पत्ता सांगायची पद्धतही याच जातीची. लकडी का पूल इथे लाकडी पूल नाही. सिकंदराबादला पॅरडाइज थिएटर नाही. त्याच्या आवारात १९५३ मध्ये निघालेलं हॉटेल उरलं आणि बिर्याणीच्या जोरावर वाढलं, थिएटर गेलं. आता दोन्ही नावांची मेट्रो स्टेशनं आहेत. जे अस्तित्वात नाही त्याच्या खुणेवर रस्ता सांगणारा माणूस आपल्याला दिशा थोडी आणि शहराची आठवण जास्त देतो. फोनमधली बाई ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ म्हणते. ती बरोबर असते, पण तिच्या सांगण्यात कोण राहत होतं, काय पाडलं आणि कुणाचं दिवाळं निघालं, हे काही येत नाही.

यावर पहिला आक्षेप नीतिमान लोकांचा: याला साध्या मराठीत थापा म्हणतात. आक्षेप निम्मा खरा आहे. पण थाप आणि लबाडी यांत एक जुना करार आडवा येतो. लबाडी ओळखली गेली तर संबंध तुटतो. थाप ओळखली गेली तर मैफल रंगते. ‘द अंग्रेज’ या हैदराबादी सिनेमात चारमिनारच्या पायथ्याशी चहा पीत बसलेल्या टोळक्यात सलीम फेकू नावाचं पात्र आहे. फेकू हे त्याचं जाहीर नाव आहे. ज्याच्या नावातच इशारा लिहिलेला आहे त्याच्यावर फसवणुकीचा आरोप कसा ठेवणार? पिक्चर शहरात तुफान चालला तो प्रत्येक गल्लीला त्यात आपला एक इसम दिसला म्हणून. या कराराची परंपराही चांगली खानदानी आहे. ‘जिंदा दिलान-ए-हैदराबाद’ ही विनोदाला वाहिलेली संस्था याच शहरातली, आणि १९६२ पासून ‘सियासत’मधून विनोदी लेखन करणारे मुजतबा हुसैन यांना २००७ साली पद्मश्री मिळाली. अतिशयोक्तीचा सन्मान सरकारनेही केला, आणि खर्च कमी दाखवण्याचा किंवा विकास जास्त दाखवण्याचा सरकारी अनुभव पाहता तो योग्यच माणसांकडून झाला म्हणायचा.

दुसरा आक्षेप घाईतल्या लोकांचा: जुन्या शहरात हे ठीक, पण कामाच्या जगात मुद्द्याचं बोलावं लागतं. मुद्द्याचं बोलण्यासाठीच सायबर टॉवर्स उभे राहिले, १९९८ साली, माधापूरला. तिथे आज काय चालतं ते पाहावं. सकाळी दहाला हुशार माणसं गोल करून उभी राहतात आणि काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं हे एकेकाने सांगतात. म्हणजे लबोव यांचा बांधा उभ्याने म्हणतात. करायच्या कामाला तिथे ‘यूजर स्टोरी’ म्हणतात आणि ती एका साच्यात लिहितात: अमका म्हणून मला तमकं हवं आहे, म्हणजे मला ढमकं करता येईल. पात्र आलं, इच्छा आली, हेतू आला. राक्षस तेवढा नसतो, ती जागा डेडलाइन भरून काढते. कामाचं वजन तासांत न मोजता ‘स्टोरी पॉइंट’मध्ये मोजतात. आपली पोरं सॉफ्टवेअर करतात असं काचीगुड्याचे आजोबा समजतात. प्रत्यक्षात ती दिवसभर गोष्टींचे गुण ठरवत असतात. तरीही कुणाला शुद्ध माहितीचा नमुना हवा असेल तर तो पुण्याची पाटी दाखवेल. पण ‘येथे पत्ता विचारू नये’ या चार शब्दांच्या मागे किती दुपारच्या झोपा मोडल्या असतील! पाटी ही गोष्टच असते, सांगणारा दमल्यामुळे शेवटचं वाक्य तेवढं लिहिलेली. आणि याहून मोठा साक्षीदार हैदराबादनेच पाहिलेला आहे. १९३१ साली इथे मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढून ते मोकळे झालेले होते. माहितीने माणसं बदलत असती तर २३ खंडांपलीकडे सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण केतकरांनी ‘गोंडवनातील प्रियंवदा’ लिहिली, ‘ब्राह्मणकन्या’ लिहिली. समाजाबद्दलचं आपलं म्हणणं लोकांच्या गळी उतरवायला मराठीतल्या सर्वांत माहीतगार माणसालाही नायक-नायिकांचीच मदत घ्यावी लागली.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गोष्ट माणूस मारते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार केलं. त्याआधी मे महिन्यात अशाच अफवेने हैदराबादच्या चांद्रायणगुट्ट्यात एक बळी घेतला होता. गोष्टीची तरफदारी करणाऱ्याला याचं उत्तर द्यावंच लागेल. माझं उत्तर असं की ज्या गोष्टींची बाजू मी मांडतो आहे त्यांना सांगणारा असतो. बकरीची गोष्ट सांगणारा समोर बसलेला असतो, त्याचा चहा आपल्या पैशाचा असतो, ‘बकरी कुणाची होती?’ असं मध्येच विचारता येतं आणि तो गडबडला की ती तिथेच मरते. अफवेला तोंड नसतं. ती फोनवरून फोनवर जाते, प्रत्येक जण ती नुसती पुढे ढकलतो, आणि तिच्यातला राक्षस कुणी रचला हे विचारायला कुणी सापडत नाही. गंमत म्हणजे ती स्वतःला गोष्ट म्हणवतही नाही. ‘महत्त्वाची माहिती, सर्वांना पाठवा’ असंच तिच्या कपाळावर लिहिलेलं असतं. सलीम फेकूपासून समाजाला एवढा धोका कधीच नव्हता.

तेव्हा जबाबदारी निम्मी ऐकणाऱ्याचीही आहे, आणि दख्खनला हे फार पूर्वी कळलेलं होतं. सातवाहनांच्या काळात गुणाढ्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली आणि पुढे निजामाच्या राज्यात गेलेल्या पैठणच्या राजाने ती हलक्या भाषेतली म्हणून परत पाठवली, अशी कथा आहे. गुणाढ्य रानात गेला, अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचलेलं जाळू लागला. प्राणी चारा-पाणी विसरून ऐकत बसले आणि वाळले. राजाच्या ताटात चिवट मांस यायला लागलं, तक्रार मुदपाकखान्यात गेली, तिथून शिकाऱ्यांकडे, आणि शिकाऱ्यांकडून गुणाढ्याचा पत्ता लागला. राजा धावत पोचला तोवर सहा लाख श्लोक संपले होते. उरलेल्या एका लाखातून पुढे अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाचा कथासरित्सागर झाला. थोडक्यात, आपल्याकडच्या एका मोठ्या कथासंग्रहाची दखल समीक्षकाने घेतली नाही, ती आचाऱ्यामुळे घेतली गेली. राजाला भाषा कळत होती, व्याकरण कळत होतं. हरणांना येत होतं तेवढं मात्र येत नव्हतं. सांगणाऱ्याने कष्ट करायचे आणि ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, असा हा रोखीचा सौदा आहे, आणि आपल्याकडून तो हल्ली घड्याळ पाहून मोडला जातो. म्हणून विनंती एवढीच: कुणी उशिरा येऊन ‘क्या हुआ बोले तो’ म्हणून खुर्ची ओढली तर चहा सांगा आणि हुंकार द्या. मध्ये प्रश्न जरूर विचारा, त्याने खोटी गोष्ट मरते आणि चांगली वाढते. आणि उशीर तुमचा असेल तर नुसत्या ट्रॅफिकवर भागवू नका. तासाला एक बकरी, हा दर लक्षात ठेवा.